द्रोणाचार्य नको, जबाबदार प्रशिक्षक हवा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. संघटनांवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले पुढारी, त्यांच्या निवडणुका, तंटे सोडविण्यासाठी न्यायाधिकरण या विषयांवर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्याच कायद्यातील एका तरतुदीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. राष्ट्रीय क्रीडा संघटनांना महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरण आणि आचारसंहिता आणावी लागणार आहे. आम्ही या तरतुदीचे स्वागत करतो. पण दिल्लीत तयार होणारे धोरण आमच्या वस्तीमागच्या मैदानापर्यंत पोचणार कसे? तिथे ना संघटनेचा पदाधिकारी फिरकतो, ना क्रीडा खात्याचा अधिकारी. तिथे असतात तीस-चाळीस पोरे, दोन-चार पोरी आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस. त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. आजचा लेख या सरांविषयी आहे.

फुटबॉल हा आमच्या पोरांचा खेळ आहे. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, आणि चांगल्या क्लबात जायचे तर बापाची ओळखही लागते. फुटबॉलला एक चेंडू पुरतो आणि तो वर्गणी काढून आणता येतो. म्हणून गिरण्यांच्या चाळीत, रेल्वेच्या वसाहतीत, झोपडपट्टीत हा खेळ रुजला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम, कोल्हापुरातील पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ ही नावे सांगतात की महाराष्ट्रात फुटबॉल कष्टकऱ्यांच्या मोहल्ल्यांनी आणि पेठांनी जगवला. नागपुरात २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढून ते देशाला दाखवले. आपल्या बहुतेकांनी तो चित्रपट पाहिला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी टाळ्याही वाजवल्या.

असे प्रशिक्षक आहेत. आम्ही त्यांना ओळखतो. पदरमोड करून बूट घेऊन देणारे, पोराला ताप आला तर मेडिकल कॉलेजात घेऊन जाणारे, दहावीच्या परीक्षेला सराव बंद ठेवणारे. त्यांना मानाचा जयभीम. पण एक गोष्ट त्यांनीही मान्य करावी. हे सगळे एकट्या माणसाच्या चांगुलपणावर उभे आहे. तो चांगला निघाला म्हणून पोरे तरली. न निघता तर?

प्रशिक्षकाच्या हातात किती सत्ता असते याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. सामन्यात कोण उतरणार आणि कोण बाकावर बसणार हे तो ठरवतो. निवड चाचणीला कुणाला न्यायचे, स्पर्धेच्या गावी कुणाला कोणत्या खोलीत झोपवायचे, दात्याने दिलेला एकुलता एक किट कुणाला द्यायचा, हेही तोच. शाळेला, महाविद्यालयाला द्यायच्या शिफारशीवर त्याची सही लागते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. म्हणजे मैदानावरचा कागद हा पुढच्या भाकरीचा कागद आहे. बारा वर्षांच्या पोराच्या नजरेतून पाहा. बाप हमाली करतो, आई धुणीभांडी करते, शाळेतल्या मास्तरला त्याचे नावही ठाऊक नाही. या जगात ‘तू मोठा होशील’ असे म्हणणारा एकच माणूस आहे. तो म्हणेल ती पूर्व दिशा! एवढी सत्ता तहसीलदाराकडे असती तर आपण माहितीचा अधिकार टाकला असता. प्रशिक्षकाला मात्र आपण पुष्पगुच्छ देतो आणि घरी जातो.

याचे मूळ गुरूच्या त्या जुन्या कल्पनेत आहे. भारत सरकार १९८५ पासून उत्कृष्ट प्रशिक्षकांना जो सर्वोच्च पुरस्कार देते, त्याचे नाव काय? द्रोणाचार्य! पुरस्कार मिळवणाऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही. त्यांत घाम गाळणारी माणसे आहेत. मुंबईचे बिमल घोष, गोव्याचे आर्मांदो कोलासो यांनी फुटबॉलसाठी आयुष्य घातले आहे. आमचा आक्षेप नावाला आहे. महाभारतातला हा द्रोण प्रशिक्षक म्हणून काय करतो ते वकिलाच्या नजरेने तपासून पाहू. निषादाचा मुलगा म्हणून एकलव्याला तो शिकवायचे नाकारतो. ज्याला शिकवलेच नाही त्याच्याकडे दक्षिणा मागतो. ती दक्षिणा म्हणजे उजव्या हाताचा अंगठा, अल्पवयीन विद्यार्थ्याच्या शरीराला कायमची इजा. आणि हे सगळे कशासाठी, तर लाडक्या शिष्याला दिलेले वचन पाळण्यासाठी. जन्मावरून भेदभाव, पक्षपात, फसवणूक, शारीरिक इजा. आजच्या कायद्यात बसवायचे म्हटले तर दोषारोपपत्राला चार-पाच कलमे सहज लागतील. त्याच्या नावाने देश प्रशिक्षकांचा गौरव करतो आणि मग म्हणतो की मैदानावर जात नसते.

अंगठा मागण्याची पद्धत बदलली आहे, मागणे संपलेले नाही. आणि ही गोष्ट केवळ आपल्या देशातली नाही. इंग्लंडसारख्या फुटबॉलच्या माहेरघरात २०१६ च्या नोव्हेंबरात एका माजी खेळाडूने वर्तमानपत्राला मुलाखत दिली. लहानपणी आपल्या प्रशिक्षकाने आपले लैंगिक शोषण केले, असे त्याने नाव देऊन सांगितले. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला, आणि शेकडो बोलले. तो प्रशिक्षक बॅरी बेनेल. क्रू अलेक्झांड्रा या क्लबात तो मुले हेरायचा आणि घडवायचा. त्याच्या घरी व्हिडिओ गेम होते, पाळीव माकड होते, पोरे मुक्कामाला राहायला हरखून जायची. आईबाप स्वतः पाठवायचे, कारण त्याच्या नजरेत भरलेला पोरगा मोठा फुटबॉलपटू होतो अशी ख्याती होती. २०१८ मध्ये पन्नास गुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि त्याला एकतीस वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये तो तुरुंगात मेला. २०२१ साली क्लाइव्ह शेल्डन या ज्येष्ठ वकिलाचा चौकशी अहवाल आला. १९७० ते २००५ या काळातील किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित त्यात नोंदले गेले. १९९५ नंतर धोका दिसत असतानाही तेथील फुटबॉल संघटनेने मुलांच्या संरक्षणाचे उपाय करायला फार उशीर केला, असा ठपका अहवालाने ठेवला. पीडित मुले स्वतः चाळिशी-पन्नाशीला पोचल्यावर बोलू शकली. पैसा, कायदा, पोलीस, पत्रकार सगळे असलेल्या देशात ही गत, तर आपल्याकडचे मौन किती खोल असेल?

आपल्याकडेही घडले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि आपल्या नवी मुंबईत सामने झाले. त्याच्या काही महिने आधी हा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना एका अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून सहायक प्रशिक्षकाला परत बोलावले गेले, मग बडतर्फ केले गेले. पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम, म्हणून आम्ही नाव घेत नाही. पण देशाच्या संघात, परदेशात, कॅमेऱ्यांच्या गराड्यात असा आरोप होऊ शकतो, तर जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत, शाळेच्या वर्गखोलीत सतरंज्या टाकून झोपलेल्या मुलींचे काय, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही.

कायदा काय म्हणतो ते पालकांनी नीट समजून घ्यावे. पॉक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगा असो की मुलगी, त्याच्यापुढे बालक आहे. ‘तिची संमती होती’ हा बचाव तिथे चालत नाही. गुन्हा करणारा विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागी असेल, किंवा मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेचा कर्मचारी असेल, तर गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. प्रशिक्षक यात सरळ सरळ येतो. गंभीर स्वरूपाच्या अंतर्प्रवेशी लैंगिक हल्ल्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. पण हात लावला तरच गुन्हा, असेही समजू नये. अश्लील संदेश पाठवणे, चित्रे दाखवणे, लैंगिक हेतूने सतत पाठलाग करणे, मोबाईलवर पिच्छा पुरवणे हेही गुन्हेच. २०२० च्या पॉक्सो नियमांतील तिसऱ्या नियमात तर क्रीडा अकादमी हा शब्दच लिहिलेला आहे. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे आणि त्याला बालसुरक्षेचे प्रशिक्षण दिले पाहिजे. टर्फ भाड्याने घेऊन महिन्याला हजारो रुपये फी घेणाऱ्या किती अकादम्यांनी हा नियम वाचला आहे? प्रशिक्षकाकडे महासंघाचे ‘डी’ लायसन्स आहे, हे फलकावर मोठ्या अक्षरात असते. लायसन्स म्हणजे त्याला सराव घेता येतो. त्याची पडताळणी झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

याहून महत्त्वाचे कलम १९ आणि २१. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी रास्त भीती वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला तेव्हा शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला तो याच तरतुदीखाली. लोकांनी रेल्वे रोखली तेव्हा यंत्रणा हलली. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि काहींनी पेढे वाटले. आमच्या मते तो न्याय नव्हे. त्या गोळीने त्याच्यावरचा खटलाच संपला. पण बदलापूरचा धडा क्रीडा मंडळांनी घ्यायला हवा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून ज्यांची नावे लेटरहेडवर मिरवतात, ते ‘आम्हाला कल्पना होती, पण वाद नको म्हणून बोललो नाही’ असे न्यायालयात सांगू शकत नाहीत.

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे कडू बोलायचे आहे. आपल्या वस्त्यांत क्रीडा मंडळे बहुधा चळवळीच्या कार्यकर्त्यांनी काढलेली आहेत. विहाराच्या बाजूला मैदान, जयंतीला स्पर्धा, बक्षीस वितरणाला नगरसेवक. प्रशिक्षक हा आपलाच माणूस असतो. मोर्च्यात पुढे असतो, प्रसंगी लाठी खाल्लेला असतो. अशा माणसाविरुद्ध एखाद्या पोराने तोंड उघडले तर पहिले वाक्य काय येते? ‘समाजाची बदनामी होईल.’ दुसरे, ‘विरोधकांच्या हातात कोलीत जाईल.’ मग चार जण बसतात, समज देतात, पोराच्या बापाला समजावतात आणि प्रशिक्षक दुसऱ्या वस्तीत तीच शिट्टी घेऊन उभा राहतो. पॉक्सोचे गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत. अशी बैठक घेणारे कलम २१ च्या कक्षेत येतात, हे त्या चौघांनी लक्षात घ्यावे. सवर्ण संस्थाचालकाने दडपले तर आपण मोर्चा काढतो. आपल्या मंडळाने दडपले तर तोच मोर्चा आपल्या मंडळावर का निघू नये? पोरगा आपलाच आहे की नाही?

मौनाचे दुसरे कारण उपकार. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले. धान्य बाजारात हमाली करणारे. मुलगा पंधरा वर्षांचा, चांगला गोलरक्षक. दुसऱ्या क्लबने त्याला बोलावले होते, राहण्या-खाण्याची सोय होती. पण जुन्या प्रशिक्षकाने मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार कार्ड ‘स्पर्धेच्या नोंदणीसाठी’ म्हणून घेतले होते, ते परत देत नव्हता. आम्ही म्हटले, नोटीस पाठवू. गृहस्थ हात जोडून म्हणाले, “नाही वकील साहेब, सरचं वाईट नाही झालं पाहिजे. पोराले त्यायनंच घडवलं.” मुलाची कागदपत्रे अडवून ठेवणाऱ्याचे वाईट होऊ नये म्हणून बाप काळजी करत होता! शेवटी साध्या पत्राने काम झाले. तोवर त्या क्लबची नोंदणी बंद झाली होती आणि पोराचे एक वर्ष गेले. मूळ कागदपत्रे कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत, प्रत द्यावी, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. सभेत सांगितलेले मैदानावर विसरले जाते.

कागदपत्रांवरून वयाचा मुद्दा येतो. सतराखालील स्पर्धेत एकोणीस वर्षांचा खेळवायचा, चौदाखालील स्पर्धेत सोळाचा, हा आपल्या मैदानांवरचा उघड धंदा आहे. प्रशिक्षक बापाला सांगतो, दाखल्यावर दोन वर्षे कमी करून आणा. सरकारने २०१० साली वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता केली. जागतिक महासंघ २००९ पासून सतराखालील विश्वचषकात मनगटाचे एमआरआय काढतो. पकडला गेला की बंदी पोरावर येते, चषक मात्र प्रशिक्षकाच्या कपाटात राहतो. आणि आपल्या पोरांसाठी याचे परिणाम मैदानापुरते नसतात. उद्या हाच पोरगा जात पडताळणी समितीपुढे उभा राहतो. समिती शाळेचे रजिस्टर मागवते. एका दाखल्यावर एक जन्मतारीख, दुसऱ्यावर दुसरी. मग दक्षता पथक, सुनावण्या, शेरे, प्रवेशाची मुदत टळलेली. राखीव जागेवरचा हक्क, जो मिळवायला पिढ्या गेल्या, तो एका चौदाखालील चषकापायी धोक्यात. दाखल्यात खाडाखोड करायला सांगणारा प्रशिक्षक पोराचा अंगठाच मागत असतो. नसलेल्या स्पर्धांची क्रीडा प्रमाणपत्रे विकणाऱ्यांनी तर खेळाडूंच्या आरक्षणालाच बट्टा लावला. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

मारहाणीबद्दल आपल्याकडे अजून ‘छडी लागे छमछम’ची वृत्ती आहे. उशिरा आला, मार दहा दंड. चेंडू चुकला, खा लाथ. ‘त्याशिवाय कणखर होत नाहीत’ असे सांगितले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ बंद केला. मैदान शाळेबाहेर असले तरी बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७५ आहेच. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण करून त्याला विनाकारण यातना दिल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. आणि मार म्हणजे हातानेच असतो असे नाही. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तशात सकाळी दहा-अकरापर्यंत मुलांना पळवणारी उन्हाळी शिबिरे आम्ही पाहिली आहेत. पाणी मागणाऱ्याला ‘नाजूक’ म्हणून हिणवले जाते. ऊन लागून पोर दगावले तर कुणाला विचारायचे? शिबिराची परवानगी कुणाच्या नावावर, प्रथमोपचाराची पेटी कुठे, जवळचे रुग्णालय कोणते, काहीच ठरलेले नसते. डोक्याला मार लागलेल्या पोराला पाणी शिंपडून पुन्हा मैदानात उतरवणे तर रोजचेच. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात चेंडू डोक्याने मारायला शिकवू नये, असे मार्गदर्शन आहे. अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलांना त्याची मनाई आहे. आपल्याकडे आठ वर्षांच्या पोराने ‘हेडर’ मारला की प्रशिक्षक त्याची चित्रफीत काढून सगळ्यांना पाठवतो.

आणि जात? ती तर मैदानावर पहिल्यापासून आहे. बाळू पालवणकर यांचे उदाहरण आपल्या वाचकांना नवीन नाही. चर्मकार कुटुंबातला हा माणूस पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर नोकर होता. मैदान झाडी, खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकी. फलंदाजी हा साहेबांचा मान, त्यामुळे बॅट क्वचितच हाती आली. हिंदूंच्या संघात घेतले तेव्हा सहकाऱ्यांचा चहा आत आणि त्यांचा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, हा वेगळा विषय.) हात वापरून घ्यायचे, पण बॅट द्यायची नाही. आज एखाद्या अकादमीत सकाळी जाऊन पाहा. फी माफ असलेला वस्तीतला पोरगा लवकर येऊन मैदानावर फक्की मारतो, चेंडूंची जाळी उचलतो, पाण्याचे कॅन भरतो. फी भरणारी पोरे गाडीतून उतरतात आणि थेट सरावाला लागतात. फी माफ केली म्हणून पोराला गडी करणे ही कोणती समाजसेवा? सगळ्यांनी पाळीपाळीने फक्की मारावी, आमची हरकत नाही. उलट कंत्राटदाराच्या पोराला ती चांगली सवय लागेल.

आडनाव विचारून, वस्तीच्या नावाने हाक मारून, ‘कोट्यातला’ म्हणून पोराला खच्ची करणारा प्रशिक्षक गुन्हेगार आहे का? अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला माणूस सार्वजनिक दृष्टिक्षेपात जातीवरून शिवीगाळ वा हेतुपुरस्सर अपमान करतो तेव्हा अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३ लागते. न्यायालयात ‘सार्वजनिक दृष्टिक्षेप’ या शब्दांवर बराच काथ्याकूट होतो, पण भरल्या मैदानापेक्षा अधिक सार्वजनिक जागा कोणती? साक्षीदार पंचवीस-तीस असतात. फक्त ते बारा वर्षांचे असतात आणि उद्या त्यांनाही खेळायचे असते.

मुलींविषयी थोडे वेगळे बोलायला हवे. कित्येक आईबापांनी शेजाऱ्यांचे टोमणे ऐकून मुलीला हाफ पॅन्ट घालून मैदानावर पाठवले आहे. एक वाईट घटना घडली की त्या एका मुलीबरोबर वस्तीतल्या सगळ्या मुली घरी बसतात. म्हणून बाहेरगावी मुलींचा संघ जातो तेव्हा सोबत महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, आणि ती प्रशिक्षकाची बायको किंवा बहीण असून चालणार नाही. अठरा वर्षांवरील खेळाडूंना २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही आहे. त्यातील कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंकुल, मैदान, स्पर्धेची जागा स्पष्टपणे येते. पण महिला प्रशिक्षकच घडवल्या नाहीत तर ही सगळी कलमे कोरडीच राहतील. आपल्या मंडळांनी खेळून बाहेर पडलेल्या मुलींना लायसन्सच्या अभ्यासक्रमाला पाठवावे, फी मंडळाने भरावी. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात ते सहज बसते.

काही प्रशिक्षक मित्र म्हणतात, तुम्ही वकील मंडळी आम्हाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करता. फुकट राबायचे आणि वर पोलीस पडताळणी? खोटी तक्रार झाली तर? त्यांची भीती अगदीच निराधार नाही. द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोच्या कलम २२ खाली शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्रशिक्षकाचे खरे संरक्षण नियमांतच आहे. मुलासोबत एकट्याने बंद खोलीत न बसणे, एकट्या मुलाला गाडीवरून घरी न सोडणे, मालिश स्वतः न करणे, अल्पवयीन खेळाडूला खाजगी संदेश न पाठवता पालक असलेल्या गटावरच सूचना टाकणे, बाहेरगावी मुलांच्या खोलीत न झोपणे, दोन मोठी माणसे नेहमी हजर असणे. हे पाळणाऱ्यावर बोट उठण्याची शक्यता फार कमी. ज्याला हे नियम जाचक वाटतात, त्याला मंडळाने कारण विचारावे. मानधनाची तक्रार मात्र रास्त आहे. पंधरा वर्षे राबलेल्या माणसाला शालीशिवाय काही न देणारी मंडळे त्याच्याकडून कोणत्या तोंडाने जबाबदारी मागणार?

तक्रार कशी करायची, याची धास्ती अनेक पालकांना असते. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय नोंदवायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, शाळा, पत्ता छापणे गुन्हा आहे, आणि आपली युट्यूब वाहिनी चालवणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांनाही तो लागू आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पीडित मूल आपल्या समाजाचे आणि आरोपी बाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटीची कलमेही लावून घ्यावीत. ठाणे अंमलदार ती हमखास विसरतो. त्यामुळे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि अर्थसाहाय्याचा हक्क मिळतो.

एप्रिलपासून उन्हाळी शिबिरे लागतात. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाच्या सहीचा रकाना असतो आणि ‘काही इजा झाल्यास मंडळ जबाबदार नाही’ असे एक वाक्य असते. निष्काळजीपणा झाला तर ते वाक्य मंडळाला वाचवणार नाही, तेव्हा ते खोडून टाकावे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांकडे ऑनलाइन करता येतो, तो फेब्रुवारीतच भरावा म्हणजे शिबिरापूर्वी कागद हाती येईल. फॉर्मच्या मागची बाजू कोरीच असते. तिथे प्रशिक्षकाचे नाव, पडताळणीचा क्रमांक आणि तारीख, मंडळात तक्रार ऐकणाऱ्या बाईंचा फोन आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक छापावा. झेरॉक्सवाला मागच्या पानाचे एक-दोन रुपये जास्त घेईल.